ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवल्यानंतर : योग्य ड्रायव्हर ओळखण्याचा एक पाठ

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असाव्यात, कृतज्ञता असावी, छायाचित्रे असावीत. संगणकाच्या ड्रायव्हरवरील पाठ कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या अंकातील जुन्या छायाचित्रांतच आहे. आरंभीच्या तुकड्यांची ही छायाचित्रे आम्ही, म्हणजे संगणक कक्षातील शिक्षक आणि विद्यार्थी, एकदा स्कॅन करून गमावून बसलो होतो. ती दुसऱ्यांदा मिळाली ती पालकांच्या मोठ्या मनामुळे. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते सर्वांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते असे. कार्यालयातील जुना संगणक अतिशय मंद झाला होता. त्याला जोडलेल्या स्कॅनरवर आम्ही चाळीसएक छायाचित्रे स्कॅन केली होती आणि ती डेस्कटॉपवरच ठेवली होती. एका सुट्टीच्या दिवशी उत्साहाच्या भरात आम्ही संगणकाला फॉर्मॅट मारला आणि जुन्या ३२ बिट विंडोजच्या जागी नवी ६४ बिट विंडोज बसवली. संगणक सुरू झाला. पण अक्षरे अवाढव्य दिसू लागली, आवाज बंद झाला, इंटरनेट नाहीसे झाले आणि स्कॅनर जोडलेला असूनही संगणकाला तो दिसेना. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, हे ठाऊक असूनही त्या घाईत आठवले नाही. छायाचित्रे गेली होती.

पालकांना पुन्हा निरोप धाडावे लागले. एका माजी विद्यार्थ्याच्या ऐंशीच्या घरातील आई दोन बस बदलून आल्या होत्या. मुलाचे शाळेतले ते एकच छायाचित्र त्यांच्याकडे होते, त्यामुळे ते ठेवून जाण्यास त्या तयार नव्हत्या. समोर स्कॅन करून घेऊन परत नेणार होत्या. त्यांना झाला प्रकार सांगताना आम्हाला शब्द सुचत नव्हते. त्या रागावल्या नाहीत. "आखीन एक खेप येईन मी, पोरंहो, पण या खेपेस नीट ठेवजा," एवढेच म्हणाल्या. पुढील सारा पाठ त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली शिकलेला आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हटले की आपल्यासमोर एस.टी. चालवणारा माणूस उभा राहतो. संगणकातील ड्रायव्हरला मात्र चालकापेक्षा दुभाषी म्हणणे अधिक योग्य होईल. आपल्या वसतिगृहात अधूनमधून अशी मुले येतात, ज्यांच्या घरी कोरकू किंवा गोंडी बोलली जाते. पहिले काही दिवस ती वर्गात गप्प असतात. नवख्या माणसाला वाटते, मुलाला काही येत नाही. मग दोन्ही भाषा जाणणारा वरच्या वर्गातील एखादा दादा शेजारी बसतो आणि तेच मूल पाढे धडाधड म्हणून दाखवते. मुलात उणीव नव्हती. मध्ये दुभाषी नव्हता.

संगणकाचेही तसेच आहे. आवाजाची चिप, वायफायचे कार्ड, ग्राफिक्स, स्कॅनर, प्रिंटर हे प्रत्येक हार्डवेअर आपापल्या पद्धतीने आज्ञा घेते. ऑपरेटिंग सिस्टीमला त्या सर्व पद्धती ठाऊक असणे शक्य नाही. तिची सर्वसामान्य आज्ञा त्या विशिष्ट उपकरणाला समजेल अशा रूपात पोहोचवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर होय. फॉर्मॅट केल्यावर जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर हे सर्व दुभाषी पुसले जातात. उपकरणे जागेवर आणि धडधाकट असतात, परंतु त्यांचे बोलणे कोणाला कळत नाही.

मग माउस आणि कीबोर्ड लगेच कसे चालतात? त्यांच्यासाठी जगभर एक सामाईक बोली ठरलेली आहे आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. पेन ड्राइव्हचेही तेच. पडद्यासाठी विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर वापरते. त्यामुळे चित्र दिसते, पण अक्षरे मोठी व पसरट येतात, व्हिडिओ अडखळतो आणि लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त करता येत नाही. ही लक्षणे पाहून "स्क्रीन गेली" असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. आमच्याही संगणकाबद्दल एका दुरुस्ती करणाऱ्याने "मदरबोर्ड गेला, आता भंगारात द्या" असे सांगितले होते. तोच संगणक आजही चालतो आहे.

फॉर्मॅट मारण्यापूर्वी

ड्रायव्हरचे काम नवी विंडोज बसवल्यानंतर सुरू होते, असा आमचा समज होता. वस्तुतः ते आधीच सुरू होते. पुढील पाच गोष्टी आम्ही आता कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीवर लावल्या आहेत.

१. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स येथील सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नुसती नक्कल करून भागत नाही. ती उघडते की नाही, हे पाहिल्याशिवाय फॉर्मॅटला हात लावू नये.

२. संगणकाचे नेमके मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. लॅपटॉपच्या तळाशी किंवा डब्याच्या मागे त्याची चिठ्ठी असते. ती झिजली असल्यास विंडोजच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन' या भागात मॉडेल वाचता येते.

३. चालू स्थितीतील ड्रायव्हरची प्रत काढून ठेवावी. यासाठी विंडोजमध्येच 'पीएनपीयुटिल' नावाचे साधन असते. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याला 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर' ही आज्ञा, त्यापुढे तारांकन आणि रिकाम्या फोल्डरचा पत्ता दिला की बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये उतरतात. विंडोजची तीच किंवा जवळची आवृत्ती पुन्हा बसवायची असेल, तर ही प्रत फार मोलाची ठरते. मात्र ३२ बिट विंडोजमधून काढलेली प्रत ६४ बिट विंडोजला चालत नाही.

४. वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावेत. इंटरनेटचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा, पण त्याच्याविना इंटरनेट मिळत नाही, अशा कोंडीत अनेक जण अडकतात.

५. डिस्क 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'ने कुलूपबंद आहे का, हे पाहावे. असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. ती नसेल तर डी ड्राइव्ह सुरक्षित राहूनही त्यातील फाइली उघडत नाहीत.

नवीन लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक प्रसंग येऊ शकतो. अकराव्या पिढीच्या व त्यापुढील इंटेल प्रोसेसर असलेल्या काही लॅपटॉपवर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडली असे समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात तेथे इंटेलच्या 'रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर हवा असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन, उघडून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि बसवण्याच्या पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर' हे बटण दाबून दाखवावा. डिस्क लगेच यादीत येते.

बसवल्यानंतरचा क्रम

नवी विंडोज सुरू झाल्यावर पहिले काम इंटरनेट मिळवण्याचे. नेटवर्कचा ड्रायव्हर हाताशी नसेल तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजकडे आधीच असतो, त्यामुळे बहुतेक वेळा मोबाइलचे इंटरनेट लगेच संगणकाला मिळते. ही साधी युक्ती ठाऊक नसल्यामुळे आमचे दोन दिवस वाया गेले.

इंटरनेट आल्यावर विंडोज अपडेट चालू द्यावे आणि ते पूर्ण होईपर्यंत धीर धरावा. बरेचसे ड्रायव्हर त्यातूनच येतात. 'ऍडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधील 'ऑप्शनल अपडेट्स' येथेही ड्रायव्हरची वेगळी यादी असते, तीही पाहावी. त्यानंतर जे उरेल ते संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल किंवा अनुक्रमांक घालून शोधावे. तेथे विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट, हे काळजीपूर्वक निवडावे.

हाताने बसवायचे असल्यास आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग आवाज, आणि शेवटी टचपॅड, कार्ड रीडर, प्रिंटर असा क्रम ठेवावा. चिपसेटच्या ड्रायव्हरमुळे मदरबोर्डवरील घटकांची ओळख ऑपरेटिंग सिस्टीमला पटते आणि पुढील कामे सुरळीत होतात. एका वेळी एकच ड्रायव्हर बसवावा, संगणक पुन्हा सुरू करावा, मगच पुढचा घ्यावा. चार एकदम बसवल्यावर बिघाड झाला तर दोष कोणाचा, हे कळत नाही.

उपकरणाला त्याचेच नाव विचारावे

आता या पाठाचा गाभा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडला की संगणकातील सर्व उपकरणांची हजेरी दिसते. ज्यांना ड्रायव्हर मिळालेला नाही त्यांच्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असते. त्यावर दोनदा क्लिक केल्यास एक क्रमांक वाचता येतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. येथे बहुधा चुकीचा ड्रायव्हर किंवा खरा बिघाड असतो. २२ म्हणजे कोणीतरी ते उपकरण बंद करून ठेवले आहे. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील स्वाक्षरी पडताळता आली नाही. क्रमांक न वाचताच इलाज करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

काही नावे घाबरवणारी असतात, पण त्यांचा अर्थ साधा असतो. 'इथरनेट कंट्रोलर' म्हणजे लॅन, 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणजे बहुधा वायफाय. 'एसएम बस कंट्रोलर' चिपसेटच्या ड्रायव्हरने नाहीसा होतो. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हा इंटेलच्या संगणकांत बहुधा मॅनेजमेंट इंजिनचा असतो. 'बेस सिस्टीम डिव्हाइस' पुष्कळदा कार्ड रीडर निघतो.

परंतु नुसते 'अननोन डिव्हाइस' असे लिहिलेले असेल तर? तेव्हा त्या उपकरणालाच त्याचे नाव विचारावे. 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या भागात जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडल्यास अक्षरे व अंक यांची एक लांब ओळ दिसते. तिच्यात 'व्हीईएन' या अक्षरांपुढे चार चिन्हे असतात आणि 'डीईव्ही'पुढे चार. पहिली चार म्हणजे बनवणाऱ्याचे आडनाव, दुसरी चार म्हणजे त्या चिपचे स्वतःचे नाव. आडनावे पाठ होण्याइतकी सोपी आहेत : ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही ८०८६ हेच होते, हे सांगितल्यापासून आमच्या विद्यार्थ्यांना तो क्रमांक विसरत नाही. यूएसबीने जोडलेल्या उपकरणांत याच जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' अशी अक्षरे असतात.

ही ओळ जशीच्या तशी शोधली की उपकरण नेमके कोणते, ते कळते. डब्यावरचे नाव फसवू शकते. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी कधी एका बनावटीचे वायफाय कार्ड बसवते, तर कधी दुसऱ्या. दुकानदाराचा अंदाज चुकू शकतो, आमचाही चुकतो. उपकरण मात्र स्वतःचे नाव खरेच सांगते. आमच्या कक्षातील नववीच्या एका विद्यार्थ्याने ही पद्धत आत्मसात केली आणि भंगारात निघालेल्या त्याच संगणकाचा आवाज व लॅन एका दुपारी परत आणला.

जे करू नये

येथे आमची दुसरी चूकही सांगितली पाहिजे. पहिल्या दिवशी घाबरून आम्ही "सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" अशी जाहिरात असलेला एक फुकट प्रोग्राम उतरवला. त्याने जुने-नवे बरेच काही बसवले, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले, पैसे मागितले आणि पुढच्या वेळी संगणक सुरू करताच निळा पडदा आला. अखेर दुसऱ्यांदा फॉर्मॅट करावे लागले.

असे का होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. परंतु अनेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तेथे चूक झाली की संपूर्ण संगणक थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे तिचा कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नामांकित कंपनीच्या चुकीचा परिणाम एवढा मोठा असेल, तर अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या ड्रायव्हरला गाभ्याची किल्ली देणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच ६४ बिट विंडोज कर्नलमधील ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल स्वाक्षरी मागते. ती तपासणी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

तरीही चुकीचा ड्रायव्हर बसलाच तर घाबरू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागील ड्रायव्हर परत आणता येतो. संगणक नीट सुरू होत नसेल तर 'सेफ मोड'मध्ये जाऊन तो ड्रायव्हर काढून टाकता येतो. आणि ज्या ड्रायव्हरवर उपकरण उत्तम चालते आहे, तो केवळ नवी आवृत्ती आली म्हणून घाईने बदलू नये. विशेषतः परीक्षा अथवा अर्ज भरण्याच्या दिवसांत.

स्कॅनरचे काय झाले?

आवाज आला, इंटरनेट आले, अक्षरे नेटकी झाली. स्कॅनर मात्र गप्पच होता. त्याचे नाव आम्ही विचारले, त्याने ते सांगितलेही. परंतु त्याच्या निर्मात्याने केवळ ३२ बिट विंडोजसाठी ड्रायव्हर बनवला होता. ६४ बिटसाठी कधी बनवलाच नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, याला उपाय नाही. विंडोज बदलण्यापूर्वी जुन्या प्रिंटर-स्कॅनरसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे पाहणे किती आवश्यक आहे, ते आम्हाला अशा रीतीने कळले.

नवा स्कॅनर घेण्याचे ठरत असतानाच लिनक्सची आठवण झाली. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच येतात आणि निर्मात्याने हात झटकले तरी जगभरातील स्वयंसेवक जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर सांभाळत राहतात. स्कॅनरसाठी 'सेन' नावाचा असाच एक मुक्त प्रकल्प आहे. त्याच्या यादीत आम्ही आमच्या स्कॅनरचे व्हीआयडी आणि पीआयडी शोधले, तर तो चालतो अशी नोंद सापडली. पेन ड्राइव्हवर उबुंटू घेतले, संगणकावर काहीही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच ते सुरू केले आणि स्कॅनची खिडकी उघडली. काचेखालचा दिवा हळूहळू सरकू लागला, तेव्हा कक्षातील मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या आई ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा आल्या. छायाचित्र त्यांच्यासमोर स्कॅन केले, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले, उघडून त्यांना दाखवले आणि मूळ प्रत त्यांच्या हाती परत दिली. ते छायाचित्र या अंकात आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे अनेक कार्यालयांतून चांगले चालणारे संगणक बाहेर काढले जात आहेत. अशा संगणकांवर उबुंटू, किंवा आपल्याच देशातील सी-डॅक संस्थेने विकसित केलेली बॉस लिनक्स, बसवून विद्यार्थ्यांना ते वर्षानुवर्षे वापरता येतील. मात्र तेथेही काही वायफाय आणि ग्राफिक्स कार्डांसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे, मगच बसवावे.

आपल्यापैकी अनेक जण शाळेला संगणक देण्याची इच्छा व्यक्त करतात. त्यांना आमची नम्र विनंती आहे. संगणक देताना त्यावरील मॉडेलची चिठ्ठी काढू नये. आपली वैयक्तिक माहिती पुसावी, पण त्याआधी ड्रायव्हरची प्रत काढून ती पेन ड्राइव्हसह द्यावी. डिस्कला कुलूप असल्यास ते उघडून द्यावे. प्रिंटर वा स्कॅनर देत असल्यास तो कोणत्या विंडोजवर चालत होता, हे एका कागदावर लिहावे. एवढे केल्यास येथील मुलांचे कितीतरी दिवस वाचतील.

आणि घरचा संगणक फॉर्मॅटनंतर बोलेनासा झाला, तर त्याला भंगारात देण्यापूर्वी एकदा डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रत्येक पिवळ्या त्रिकोणाला त्याचे नाव विचारून पाहावे. पुष्कळदा तेथे बिघाड नसतो. केवळ दुभाष्याची वाट पाहिली जात असते.